शंभर सेकंद आणि एक पट्टी : पडद्यावरच्या धूम्रपानाच्या भारतीय नियमाचा प्रकरण अभ्यास

मराठी किंवा हिंदी चित्रपटात एका पात्राने एकदा जरी सिगरेट शिलगावली, तरी निर्मात्याला त्यापोटी शंभर सेकंद मोजावे लागतात. सुरुवातीला आरोग्य मंत्रालयाची ३० सेकंदांची चित्रफीत आणि २० सेकंदांचे दृक्‌श्राव्य निवेदन, आणि मध्यंतरानंतर पुन्हा तेवढेच. शिवाय तंबाखू पडद्यावर दिसते आहे तोवर खाली स्थिर इशाऱ्याची पट्टी. २ ऑक्टोबर २०१२ पासून ही व्यवस्था चालू आहे आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ती ओटीटीलाही लागू झाली आहे.

ज्या शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे सगळे केले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचते का, आणि निसटते ते कुठे, हा या प्रकरणाचा विषय. आमचे मत आधीच सांगून टाकतो. इशारा आहे की नाही, एवढेच हा नियम तपासतो. मुलाच्या डोळ्यांसमोरून एकूण किती धूर गेला, हे तो मोजतच नाही. संशोधन मात्र जवळजवळ सगळे त्या धुराच्या मात्रेवर उभे आहे.

बंदीपासून पट्टीपर्यंत

२००३ साली दोन गोष्टी घडल्या. सिगरेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा झाला, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हिंदी चित्रपटांतल्या तंबाखूवर अहवाल काढला. १९९१ ते २००२ या काळातल्या लोकप्रिय चित्रपटांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रपटांत तंबाखूचे सेवन दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. कोटपाच्या कलम ५ ने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी केली. साहजिकच पुढचा प्रश्न आला: नायकाच्या बोटांतली सिगरेट ही जाहिरात मानायची का?

तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी याचे उत्तर ‘होय’ असे दिले. त्यांचा पक्ष, पट्टाळी मक्कळ कच्ची, २००२ मध्येच तमिळनाडूत रजनीकांत यांच्या पडद्यावरच्या धूम्रपानाविरुद्ध रस्त्यावर उतरला होता, तेव्हा हा विषय त्यांना नवा नव्हता. ३१ मे २००५ च्या अधिसूचनेने नव्या चित्रपटांत आणि मालिकांत तंबाखू दाखवण्यावर सरसकट बंदी आली. महेश भट्ट न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे २००८ मध्ये एकमत झाले नाही, म्हणून प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले, आणि २३ जानेवारी २००९ रोजी न्या. संजय किशन कौल यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ती बंदी रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी या निकालाला स्थगिती दिली. थोडक्यात, बंदी कागदावर राहिली आणि पडद्यावर सिगरेट पेटत राहिली.

ही कोंडी फोडण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये बंदीऐवजी अटींचा मार्ग निघाला. त्यातली एक अट अशी होती की ज्या नटाने सिगरेट ओढली त्यानेच पडद्यावर येऊन तिचे दुष्परिणाम सांगावेत. नटांच्या तारखा मिळवताना निर्मात्यांची काय अवस्था होते हे ठाऊक असलेल्या माणसाने ही अट लिहिली नसावी. २१ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीत तिच्या जागी मंत्रालयाने पुरवलेले तयार निवेदन आले आणि आज जे चालते ते तेव्हापासून. कोणती सिगरेट आहे हे कळेल असे नाव, पाकिटाचा जवळून घेतलेला शॉट आणि पोस्टरवर धूम्रपान, या तिन्हींवर मात्र थेट मनाई आहे. अटींच्या या सगळ्या गर्दीत सर्वांत परिणामकारक ठरला तो हाच भाग, कारण तंबाखू कंपनीला पैसे देऊन चित्रपटात शिरण्याचे कारणच त्याने काढून घेतले.

मात्रेचा पुरावा

अमेरिकेतल्या डार्टमथ येथील संशोधकांनी २००१ मध्ये एक साधी पद्धत वापरली. त्यांनी शेकडो चित्रपट पाहून त्यांतले तंबाखूचे प्रसंग मोजून ठेवले. न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मांटमधल्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला त्यांतल्या ५० चित्रपटांची यादी दिली आणि यांपैकी कोणते पाहिलेत एवढेच विचारले. ‘चित्रपट पाहून तुला सिगरेट ओढावीशी वाटली का’ असा प्रश्न मुलांना कुठेही नव्हता. बेरीज संशोधकांनी केली. ज्यांच्या वाट्याला ५० पर्यंत प्रसंग आले होते त्यांच्यातल्या सुमारे ५ टक्के मुलांनी सिगरेट ओढून पाहिली होती. १५० पेक्षा जास्त प्रसंग पाहिलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. मधल्या दोन गटांत ते पायरीपायरीने चढत गेले होते.

आता यावर शंका घेता येते, आणि घ्यायलाही हवी: जी मुले मुळातच बंडखोर, तीच असले चित्रपट जास्त पाहत असतील. म्हणून त्याच गटाने न ओढणाऱ्या २,६०३ मुलांचा एक ते दोन वर्षे माग ठेवला. पालक ओढतात का, मित्र ओढतात का, अभ्यासात मूल कसे आहे, स्वभाव किती धाडसी आहे, हे सगळे हिशेबात धरूनही सर्वांत जास्त धूर पाहिलेल्या चौथ्या हिश्श्यातली मुले सर्वांत कमी पाहिलेल्यांच्या २.७ पट प्रमाणात सिगरेटकडे वळली. हा निबंध २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे युरोपातल्या सहा देशांत साडेसोळा हजार विद्यार्थ्यांवर असेच काम झाले. दिल्लीतल्या शाळांमध्येही झाले. तिथे हिंदी चित्रपटांतली तंबाखू जास्त पाहिलेल्या मुलांनी ती वापरून पाहिलेली असण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या, अहवालाने हा नुसता योगायोगाचा संबंध नसून कार्यकारण आहे, असे स्पष्ट म्हटले.

यातली दोन निरीक्षणे पटकथा लिहिणाऱ्यांच्या कामाची आहेत. एक, सिगरेट खलनायकाच्या हातात दिली म्हणून परिणाम पुसला जात नाही. खलपात्रांच्या धूम्रपानाचाही मुलांवर परिणाम होतो, आणि तो एरवी ‘साध्या’ समजल्या जाणाऱ्या मुलांतही दिसला. दोन, एका सिनेमातल्या एका प्रसंगाचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. शंभर चित्रपटांतले दोन-दोन प्रसंग मिळूनच ती मात्रा होते, आणि त्यामुळेच प्रत्येक दिग्दर्शकाला आपला प्रसंग निरुपद्रवी वाटतो.

इशाऱ्याच्या बाजूने पुरावा नाही असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १२ ते १७ वर्षांच्या सुमारे दोन हजार मुलींवर एक प्रयोग झाला. काहींना चित्रपटाआधी धूम्रपानविरोधी जाहिरात दाखवली, काहींना नाही. न ओढणाऱ्या मुलींपैकी ज्यांनी जाहिरात पाहिली त्यांच्यातल्या ४८ टक्क्यांना चित्रपटातले धूम्रपान खटकले. न पाहिलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे सुरुवातीची ३० सेकंदांची चित्रफीत अगदीच वाया जात नाही, मूल पुढचा चित्रपट थोड्या सावध नजरेने पाहते. पण हे तिथे घडले, जिथे मुली आपल्या जागी बसून ती जाहिरात पूर्ण पाहत होत्या. मध्यंतरानंतर समोश्याच्या रांगेतून परतणाऱ्या प्रेक्षकाबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही.

एका चित्रपटाचे काम प्रत्यक्षात कसे चालते

समजा, १४० मिनिटांचा मराठी चित्रपट आहे आणि त्यात तीन ठिकाणी सिगरेट दिसते. संकलन पक्के झाल्यावर पहिले काम म्हणजे तंबाखूची नोंदवही: शॉट कुठून कुठपर्यंत, हातात कुणाच्या, पेटलेली की नुसती, पाकीट दिसते का, मागच्या टपरीवर कुठल्या ब्रँडची पाटी आहे का. ही पाटी हमखास राहून जाते. रस्त्यावर चोरून केलेल्या चित्रीकरणात पानाच्या ठेल्याचा फलक मागे येतो आणि तो अखेर पुसावा किंवा धूसर करावा लागतो. चित्रीकरणाच्या दिवशी तो कापडाने झाकणे फुकटात झाले असते.

नट वनौषधींची सिगरेट ओढत होता, हे कारण चालत नाही. प्रेक्षकाला दिसते ती सिगरेटच.

नोंदवही झाली की प्रमाणन मंडळाला (सेन्सॉर बोर्डाला) द्यायचे संपादकीय समर्थन, म्हणजे तंबाखू दाखवणे का गरजेचे होते याचे कारण, लिहायचे. नियमाला ते ‘सबळ’ हवे आहे. ‘पात्र तणावात आहे’ एवढ्यावर बहुतेकांचे पत्र संपते, आणि तणाव दाखवायला सिगरेट हे हिंदी-मराठी सिनेमातले सर्वांत स्वस्त साधन असल्याने ते कुठल्याही चित्रपटाला चिकटवता येते. पत्र लिहायला बसल्यावरच तीनपैकी दोन प्रसंगांत सिगरेटीचे काहीच काम नाही, हे लक्षात येते. पण तोवर चित्रीकरण होऊन गेलेले असते आणि मग निर्माता सोपा मार्ग धरतो: शॉट ठेवा, पट्टी टाका. तिथे नियमाचा कमकुवतपणा उघडा पडतो. एक प्रसंग असो वा तीस, किंमत तीच, शंभर सेकंद. दोन प्रसंग काढले तरी निर्मात्याला काही सुटत नाही. काढायचे तर तिन्ही काढावे लागतात.

पट्टीबद्दल नियम नेमका आहे: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, ठळक, वाचता येतील अशी अक्षरे, भाषा चित्रपटाचीच. धूम्रपान असेल तर धूम्रपानाने कर्करोग होतो किंवा ते जीवघेणे आहे, आणि चघळण्याची तंबाखू असेल तर हेच तंबाखूबद्दल. पडद्यावर दिसते ते बहुधा वेगळे. कोपऱ्यात बारीक पांढरी अक्षरे, मागे उजेडाचे दृश्य आले की विरघळून जाणारी, आणि मजकूर ‘आरोग्यास हानिकारक’ असा गुळमुळीत. गावच्या चित्रपटात हवालदार तळहातावर तंबाखू-चुना मळत असतो आणि खाली सवयीने धूम्रपानाचा इशारा येतो. ही चूक फक्त नोंदवहीत प्रकार लिहिला नाही म्हणून होते.

पट्टी कधी सुरू करायची आणि कधी काढायची, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न खरे तर सौंदर्याचा आहे. दोघांच्या संवादात एक जण ओढतो आहे. संकलक कॅमेरा इकडून तिकडे नेतो, तशी पट्टी दर दोन-तीन सेकंदांनी उगवते आणि मावळते. डोळा हालचालीकडे जातो, म्हणजे प्रत्येक वेळी पट्टी ‘बघा, सिगरेट आली’ असे ओरडून सांगते. पट्टी संपूर्ण प्रसंगभर स्थिर ठेवली तर पहिल्या पाच सेकंदांनंतर ती टोचत नाही, आणि जास्त वेळ ठेवायला नियमाची हरकत नाही. वुडी ॲलन यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘ब्लू जास्मिन’ भारतात प्रदर्शित करायला नकार दिला तो याच मुद्द्यावर: प्रेक्षकाचे लक्ष पट्टीकडे जाईल. हा आक्षेप खोटा नाही. पण लक्ष जावे हाच तर पट्टीचा हेतू.

नियम मोडल्यास कोटपाच्या कलम २२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपयांना कुठला निर्माता घाबरत नाही. तो घाबरतो प्रमाणपत्र अडकण्याला, कारण प्रदर्शनाची तारीख आणि चित्रगृहे ठरलेली असतात. म्हणूनच चित्रगृहात नियम बऱ्यापैकी पाळला जातो. प्रमाणपत्राचा हा नाका जिथे नाही, तिथे तो सैल पडतो.

मुकेश, आणि न दिसणारी तंबाखू

२०१२ मध्ये चित्रगृहांत दाखवल्या गेलेल्या पहिल्या दोन चित्रफितींपैकी ‘स्पंज’ धुराबद्दल होती. दुसरी मुकेशची. महाराष्ट्रातला हा तरुण, वय २४, वर्षभर गुटखा खाल्लेला, तोंडाच्या कर्करोगाने गेला. टाटा रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले होते. पुढच्याच वर्षी या दोन्हींच्या जागी नव्या चित्रफिती आल्या, पण मुकेशचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. दुर्दैवाने बऱ्याचदा विनोद म्हणून. तीच चित्रफीत, तोच आवाज शेकडो वेळा ऐकवला की असे होणारच. चित्रफिती सहा महिन्यांनी बदलल्या असत्या तर एवढी टवाळी झाली नसती.

पडद्यावर सिगरेट आणि इशाऱ्यात गुटखा, ही विसंगती वाटेल, पण महाराष्ट्रापुरती ती योग्यच होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात. मावा, विदर्भातला खर्रा, मिसरी, चुन्यासोबतची तंबाखू. सिनेमात यातले फारसे काही दिसत नाही, कारण त्यात ऐट नाही. शाळकरी मुलांच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वयोगटातली ८.५ टक्के मुले तंबाखू वापरत होती आणि ज्यांनी धूरविरहित तंबाखू घेतली त्यांची सुरुवात सरासरी दहाव्या वर्षाच्या आतच झालेली होती.

तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलाला चित्रगृहात खरा धोका कुठून? बऱ्याचदा चित्रपटाच्या आधीच्या जाहिरातींतून. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, पण त्याच नावाची वेलची आणि पानमसाला पडद्यावर राहिला आणि त्याच्या जाहिरातीत चित्रपटांतलेच मोठे नट आले. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडवाटेच्या जाहिरातींना मनाई केली. तरीही एका बाजूला मंत्रालयाची ३० सेकंदे आणि दुसऱ्या बाजूला झगमगती वेलची, असा जोडकार्यक्रम प्रेक्षकांनी पुष्कळ पाहिला आहे.

तीन पडदे, एकच पट्टी

चित्रगृहासाठी आखलेला नियम २०२३ मध्ये ओटीटीवर आला: तीच ३० सेकंदे, तीच २० सेकंदे, तीच पट्टी. पालन झाले नाही तर आरोग्य, माहिती-प्रसारण आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयांच्या प्रतिनिधींची समिती नोटीस देऊ शकते. पण घरी रिमोट मुलाच्या हातात असतो. चित्रफीत पुढे ढकलता येते आणि मालिकेच्या दुसऱ्या भागाला ‘सुरुवात’ म्हणायचे की ‘मध्य’ याचाच घोळ. २०२४ मध्ये सरकारने काढलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात वगळता न येणाऱ्या चित्रफितीचा प्रस्ताव आहे.

आकाराचा प्रश्न मात्र मसुद्याने सुटत नाही. रुंद पडद्याच्या डिजिटल प्रतीत चित्र २०४८ बाय ८५८ ठिपक्यांचे असते. ३० ठिपके उंचीचे अक्षर म्हणजे चित्राच्या उंचीच्या साडेतीन टक्के. पाच मीटर उंच पडद्यावर ते १७ सेंटिमीटरचे होते, मागच्या रांगेतूनही वाचता येते. मोबाइल आडवा धरून १४ सेंटिमीटर रुंद चित्र पाहिले तर तेच अक्षर जेमतेम दोन मिलिमीटरचे राहते. ओटीटीची प्रत वेगळी तयार होत असतेच, तिथे पट्टीची अक्षरे दुप्पट करायला संकलकाला तासभरही लागू नये. नियमात ‘वाचता येईल असे’ या मोघम शब्दांऐवजी चित्राच्या उंचीची टक्केवारी आली, तर वादच मिटेल.

तिसरा पडदा रीलचा. सिगरेट पेटवणाऱ्या नायकाचा बारा सेकंदांचा तुकडा उभ्या चौकटीत फिरतो तेव्हा शंभर सेकंद मागेच राहिलेले असतात. १६:९ च्या आडव्या चित्रातून ९:१६ चा उभा तुकडा कापला की मूळ रुंदीचा ३२ टक्केच भाग उरतो. रुंद पडद्याच्या चित्रातून तर चौथ्या हिश्श्याहूनही कमी. नायक मधोमध असतो, तो वाचतो. पट्टी डाव्या कोपऱ्यात असते, ती कापली जाते. हे तुकडे बरेचदा चाहतेच बनवतात, त्यामुळे निर्मात्याला नोटीस देऊन फारसे साधत नाही. आणि तेरा-चौदा वर्षांची मुले आज चित्रपट बरेचदा याच रूपात पाहतात.

दोन गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. पहिली प्रमाणनाची. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन गट झाले आहेत. नोंदवहीतल्या एकूण सेकंदांवर गट ठरवला, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे तंबाखू दिसली की थेट १६, तर तीनपैकी दोन प्रसंग काढण्याला प्रथमच किंमत येईल. अमेरिकेतल्या संशोधकांनी याच धर्तीवर अंदाज केला होता: धूम्रपान असलेले चित्रपट मोठ्यांच्या वर्गात टाकले तर मुलांमधली सुरुवात सुमारे १८ टक्क्यांनी घटू शकते. आपल्याकडे यूए १६ म्हणजे पालकांना दिलेली सूचना आहे, बंदी नव्हे, म्हणून परिणाम त्याहून कमी धरावा. तरीही शाळेच्या सहलीला किंवा दुपारच्या टीव्हीला कोणता चित्रपट लावायचा हे ठरवणाऱ्याला तो आकडा दिसेल.

दुसरी गोष्ट संकलकाच्या हातातली. पट्टी कोपऱ्यातून उचलून चित्राच्या मधल्या चौथ्या हिश्श्यात, तळापासून थोडी वर, दोन ओळींत बसवायची. चित्रगृहात त्याने काही बिघडत नाही. उभ्या चौकटीत कापताना मात्र नायक ठेवायचा तर पट्टीही ठेवावीच लागते.